कमी किमतीची इलेक्ट्रिक गिटार कशी पारखावी

कमी किमतीच्या इलेक्ट्रिक गिटारमध्ये निर्मात्याने कुठे ना कुठे खर्च वाचवलेला असतोच. तो नेमका कुठे वाचवला आहे आणि त्या जागी पुढे आपल्याला सुधारणा करता येईल का, एवढेच घेणाऱ्याने शोधायचे असते. खुंट्या, नट (नेकच्या टोकाशी तारा बसतात ती खाचांची पट्टी), पिकअप (तारांची थरथर विजेत बदलणारा भाग), आवाजाचे पॉट (नॉबखालचा फिरता भाग) आणि जॅक (केबल लावायची जागा) हे भाग नंतर बदलता येतात. नेकची (ज्या लांब भागावर बोटे चालतात त्याची) जाडी, स्केलची लांबी, फ्रेटबोर्डची (नेकच्या दर्शनी पट्टीची) गोलाई आणि नेक बॉडीत बसते ती खाच मात्र वाद्याबरोबर जशी आली तशीच आयुष्यभर राहते. म्हणून तपासणीचा क्रम नेक, मग ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग), मग विद्युत जोडणी आणि सर्वांत शेवटी लाकूड व रंग असा ठेवावा. जाहिरातीत हा क्रम बहुधा उलटा असतो, कारण छायाचित्रात रंग दिसतो, फ्रेटचे (फ्रेटबोर्डवरच्या आडव्या धातूच्या पट्टीचे) टोक दिसत नाही.

स्वस्त वाद्य, पण मूळ रचना स्वस्त नव्हे

कमी किमतीत चांगली गिटार मिळू शकते यामागे रचनेचे एक साधे कारण आहे. फेंडर कंपनीने १९५० साली बाजारात आणलेल्या आणि १९५१ पासून टेलिकास्टर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गिटारची बॉडी सपाट फळीतून कापलेली होती आणि नेक वेगळी तयार करून चार स्क्रूंनी तिला जोडलेली होती. १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरनेही हीच जोडणी ठेवली. दोन भाग वेगवेगळ्या यंत्रांवर कापायचे, वेगवेगळे रंगवायचे आणि शेवटी स्क्रूने एकत्र आणायचे, ही पद्धत मुळातच कारखान्याला सोयीची होती. संगणकाच्या नियंत्रणाखाली लाकूड कापणारी यंत्रे आल्यानंतर ती अधिकच सोयीची झाली, कारण महागड्या आणि स्वस्त वाद्याची बॉडी आता जवळपास सारख्याच अचूकतेने कापली जाते. गिब्सनच्या १९५२ च्या लेस पॉलमध्ये नेक सरसाने चिकटवलेली असते आणि बॉडीचा दर्शनी भाग कोरून गोलसर केलेला असतो, त्यामुळे त्या घडणीला श्रम अधिक लागतात. तीच रचना स्वस्तात आणताना तडजोड करावी लागते आणि ती दिसते. पहिल्याच गिटारसाठी स्क्रूने जोडलेली नेक मला अधिक भरवशाची वाटते, आणि गरज पडल्यास ती उतरवून दुरुस्तही करता येते.

मोठ्या कंपन्यांनी आपल्याच रचना स्वस्तात देण्यासाठी वेगळी नावे वापरली. फेंडरने १९८२ साली जपानमध्ये स्क्वायर या नावाने गिटार बनवायला सुरुवात केली, आणि गिब्सनच्या रचनांची स्वस्त रूपे एपिफोन या नावाने मिळतात. यामाहाने मात्र दुसऱ्याची नक्कल न करता पॅसिफिका ही स्वतःची मालिका काढली आणि तिच्यातील ११२व्ही हे मॉडेल अनेक वर्षे नवशिक्यांना सुचवले जात आले आहे. पुढे उदाहरणादाखल मी याच मॉडेलचा तपशील घेणार आहे, कारण त्यात कुठे खर्च केला आणि कुठे वाचवला हे स्पष्ट दिसते.

तपशिलाचा कागद कसा वाचावा

पॅसिफिका ११२व्हीच्या तपशिलात अल्डर लाकडाची बॉडी, स्क्रूने जोडलेली मेपलची नेक, ६४८ मिलिमीटर स्केल, २२ फ्रेट, ३५० मिलिमीटर त्रिज्येचा फ्रेटबोर्ड, दोन सिंगल कॉइल (एका कॉइलची पिकअप) आणि ब्रिजपाशी एक हमबकर (दोन कॉइलचे पिकअप), पिकअप निवडणारा पाच जागांचा स्विच, आणि टोनचा नॉब ओढला की हमबकरची एक कॉइल बंद होण्याची सोय, असे लिहिलेले असते. यातील प्रत्येक आकड्याचा हाताला आणि कानाला काहीतरी अर्थ आहे.

स्केल म्हणजे नटपासून ब्रिजवरील सॅडलपर्यंत (तार टेकते त्या सरकत्या तुकड्यापर्यंत) तारेच्या कंप पावणाऱ्या भागाची लांबी. ती मोजायची असेल तर नटच्या आतील कडेपासून बाराव्या फ्रेटच्या मध्यापर्यंतचे अंतर घ्यावे आणि त्याची दुप्पट करावी, कारण ब्रिजवरील सॅडल सुराच्या जुळणीसाठी पुढेमागे सरकवलेले असतात आणि थेट मोजमाप फसवे ठरते. फेंडरच्या परंपरेत ही लांबी ६४८ मिलिमीटर, गिब्सनच्या परंपरेत साधारण ६२८ मिलिमीटर आणि मस्टँगसारख्या आखूड गिटारमध्ये ६१० मिलिमीटर असते. तारा एकाच जाडीच्या आणि एकाच सुरात लावल्या तर लांब स्केलवर ताण जास्त येतो, त्यामुळे जाड तारांचा आवाज घट्ट आणि सुटा येतो, पण सूर ताणून वर नेताना बोटाला अधिक जोर लागतो. आखूड स्केलवर ताण कमी आणि फ्रेटमधील अंतरही कमी असते, त्यामुळे लहान हातांना ते सोयीचे पडते. मात्र फार बारीक तारा लावल्या तर त्या सैल वाटतात आणि जोराने छेडल्यास सूर क्षणभर वर चढतो.

फ्रेटबोर्ड आडव्या दिशेने किंचित गोल असतो. ही गोलाई त्रिज्येत सांगतात आणि आकडा जितका मोठा तितका फ्रेटबोर्ड सपाट. जुन्या धाटणीच्या फेंडर गिटारवर १८४ मिलिमीटर, आधुनिक फेंडरवर २४१ मिलिमीटर आणि गिब्सनवर ३०५ मिलिमीटर त्रिज्या आढळते. १८४ मिलिमीटरवर बॅरे कॉर्ड (एकच बोट आडवे ठेवून अनेक तारा दाबायचे) धरायला सोपे जाते, पण तारा फ्रेटबोर्डच्या फार जवळ ठेवल्या असतील तर पहिली, म्हणजे सर्वांत पातळ, तार वर ढकलताना ती फ्रेटबोर्डच्या मधल्या उंच भागावरच्या पुढील फ्रेटला टेकते आणि सूर मध्येच मरतो. पॅसिफिकाचा ३५० मिलिमीटरचा आकडा सपाटीकडे झुकतो, म्हणजे तारा खाली ठेवूनही सूर ताणता येतात. ज्याला मुख्यतः कॉर्ड वाजवून गायचे आहे त्याने या आकड्याची फार चिंता करू नये. ज्याला एकल वादनाकडे जायचे आहे त्याने २४१ किंवा त्याहून मोठा आकडा पाहावा.

फ्रेट २१ आहेत की २२, याने सुरुवातीला काहीही बिघडत नाही. २४ फ्रेट असतील तर प्रत्येक तारेवर पूर्ण दोन सप्तके मिळतात, पण त्यासाठी नेकजवळचे पिकअप ब्रिजच्या दिशेने सरकवावे लागते आणि त्याच्या आवाजातला गोल गोडवा थोडा कमी होतो.

नेक हातात घेऊन

कागदावर सारख्याच दिसणाऱ्या दोन गिटार हातात घेतल्यावर वेगळ्या का निघतात, याचे उत्तर फ्रेटमध्ये आहे. लाकूड यंत्र कापते, पण फ्रेट बसल्यानंतर त्यांचे माथे एका पातळीत आणणे, पुन्हा गोल करणे, टोके घासणे आणि चकचकीत करणे या कामाला माणसाचा वेळ लागतो, आणि स्वस्त वाद्यात सर्वांत आधी कात्री लागते ती याच वेळेला. त्यामुळे एकाच मॉडेलच्या दोन नगांत फरक पडतो. शक्य असेल तर मॉडेल नव्हे, समोरचा नग निवडावा.

सुरुवात तळहाताने करावी. नेकच्या दोन्ही कडांवरून तळहात नटपासून बॉडीपर्यंत सावकाश सरकवला की फ्रेटची टोके करवतीच्या दात्यांसारखी टोचतात की गुळगुळीत लागतात हे लगेच कळते. टोचत असतील तर दोन शक्यता असतात. एक तर ती घासलीच गेलेली नाहीत, किंवा कोरड्या हवेत फ्रेटबोर्डचे लाकूड आकसले आहे आणि धातू न आकसल्यामुळे टोके बाहेर आली आहेत. दोन्ही दोष बारीक कानशीने दूर होतात, म्हणून एवढ्यावरून चांगली नेक नाकारू नये.

त्यानंतर सरळपणा पाहावा. त्यासाठी वेगळ्या पट्टीची गरज नाही, कारण ताणलेली तार हीच सर्वांत सरळ पट्टी असते. सहावी, म्हणजे सर्वांत जाड, तार पहिल्या फ्रेटवर एका हाताने आणि नेक बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर दुसऱ्या हाताने दाबून धरावी आणि सातव्या-आठव्या फ्रेटच्या माथ्यावर तारेखाली किती फट राहते ते पाहावे. जाडसर कागद जाईल एवढी, म्हणजे पाव मिलिमीटरच्या आसपास फट असावी. फट मुळीच नसेल तर नेक सपाट आहे किंवा मागे वळलेली आहे. खूप असेल तर ती तारांच्या ताणाने पुढे वाकलेली आहे. या दोन्ही गोष्टी नेकमधील ट्रस रॉड (आतली धातूची सळई) फिरवून सुधारतात, पण तो फिरतो याची खात्री विकत घेण्यापूर्वीच करून घ्यावी, कारण अडकलेला किंवा आधीच शेवटपर्यंत घट्ट झालेला रॉड म्हणजे नेक गेली असे समजावे. हीच चाचणी पहिल्या तारेवरही करावी. दोन्ही बाजूंची फट बरीच वेगळी असेल तर नेकला पीळ पडला आहे, आणि पिळाला ट्रस रॉडपाशी उपाय नाही. अशी गिटार कितीही स्वस्त असली तरी ठेवून द्यावी.

मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकदा वाजवावी. हे काम कंटाळवाणे आहे, पण याला पर्याय नाही. एखाद्याच फ्रेटवर तार झिणझिणत असेल तर त्याच्या पुढचा फ्रेट उंच उठलेला असतो. खात्रीसाठी एखादी छोटी सरळ धातूची पट्टी लागोपाठच्या तीन फ्रेटवर टेकवावी. ती डुगडुगली तर मधला फ्रेट उंच आहे. उठलेला फ्रेट कधी कधी लाकडी हातोडीच्या हलक्या ठोक्याने बसतो, पण एकाहून अधिक ठिकाणी असे असेल तर सगळे फ्रेट समतल करण्याचे काम कारागिराकडे जाते आणि त्याची मजुरी स्वस्त गिटारच्या किमतीशी स्पर्धा करू लागते.

शेवटी गिटार उभी धरून समोरून पाहावी. पहिली आणि सहावी तार फ्रेटबोर्डच्या कडांपासून सारख्या अंतरावर धावली पाहिजे. पहिली तार कडेला चिकटून जात असेल तर वाजवताना ती फ्रेटवरून घसरते. जोडणीचे चार स्क्रू किंचित ढिले करून नेक हलक्या हाताने एका बाजूला सरकवून पुन्हा आवळल्यास हा दोष बहुतेक वेळा जातो. नेकच्या कडेला बॉडीच्या खाचेत बारीक फट दिसते म्हणून मात्र कुणी घाबरू नये. स्क्रू घट्ट असतील तर तिचा सुरावर परिणाम होत नाही.

नट आणि खुंट्या

स्वस्त गिटार सुरात राहत नाही, ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार आहे आणि तिचा आळ नेहमी खुंट्यांवर येतो. बहुतेक वेळा दोष नटचा असतो. तार सुरात लावताना नटपाशी बारीक ‘टिंग’ असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारत असेल तर तार नटच्या खाचेत अडकते आहे. खाच तारेच्या जाडीपेक्षा अरुंद असते किंवा तिचा तळ खडबडीत असतो. तार बाजूला घेऊन खाचेत शिसपेन्सिलचे टोक नीट घासले तर ग्रॅफाइटमुळे तार सरकू लागते आणि हा खर्च शून्याच्या जवळ जातो. स्ट्रॅटोकास्टरसारख्या सपाट डोक्याच्या गिटारवर पातळ तारांना खाली दाबणारी छोटी पकड असते. तिच्या खालीही तेच करावे.

नटच्या खाचांची उंची हा दुसरा आणि अधिक महत्त्वाचा मुद्दा आहे. कारखाने खाचा मुद्दाम उथळ ठेवतात, कारण खोल गेलेली खाच भरून काढावी लागते आणि उथळ खाच कुणालाही पुढे खोल करता येते. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबावी आणि पहिल्या फ्रेटच्या माथ्यावर किती फट आहे ते पाहावे. जेमतेम दिसेल न दिसेल एवढी फट योग्य. ती मोठी असेल तर पहिल्या फ्रेटवर तार दाबताना ती जास्त ताणली जाते आणि सूर चढतो. मोकळ्या तारा अचूक सुरात असूनही पहिल्या तीन फ्रेटमधले साधे कॉर्ड बेसूर वाटतात आणि शिकणारा स्वतःच्या बोटांना दोष देत राहतो. खाच खोल करण्यासाठी तारेच्या जाडीच्या कानशी मिळतात. हे काम एका वेळी दोन-तीन घासे मारून, दर वेळी मोजून करावे, आणि हात बसलेला नसेल तर कारागिराकडून करून घ्यावे.

खुंट्यांच्या बाबतीत गुणोत्तर पाहावे. १४ला १ म्हणजे खुंटी चौदा वेळा फिरवल्यावर तार गुंडाळणारा दांडा एकदा फिरतो. १८ला १ असेल तर सूर अधिक बारकाईने लावता येतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे खुंटी फिरवताना सुरुवातीला ती नुसतीच फिरते आणि मग तार ओढते असे होते का हे तपासावे. थोडी मोकळीक चालते, म्हणूनच तार नेहमी खालच्या सुरातून वर चढवत लावायची असते.

ब्रिजची निवड

इथे मी ठाम मत देतो. पहिल्या गिटारवर फ्लॉइड रोझ पद्धतीचा, दोन्ही टोकांना तारा कुलूपबंद करणारा ब्रिज घेऊ नये. चांगल्या धातूत तो उत्तम चालतो, पण स्वस्त वाद्यावर त्याच्या टेकूची धार मऊ धातूची असते, ती लवकर झिजते आणि मग ब्रिज मूळ जागी परत येत नाही. शिवाय तार बदलणे हे नवशिक्यासाठी वेळखाऊ काम होऊन बसते.

स्ट्रॅटोकास्टरच्या धर्तीचा हलता ब्रिज स्वस्त गिटारवर सर्वाधिक दिसतो आणि पॅसिफिकावरही तोच आहे. समोरून तारांचा ताण आणि मागच्या पोकळीतल्या स्प्रिंगचा ताण यांच्या तोलावर तो उभा असतो. हा तोल समजला की त्याच्या सगळ्या खोड्या उलगडतात. एक तार तुटली की स्प्रिंग ब्रिज मागे ओढतात आणि उरलेल्या सगळ्या तारा चढतात. एक तार बोटाने वर ताणली की बाकीच्या उतरतात. जाड तारांचा संच लावला की ब्रिज पुढे झुकतो. ज्याला दांडा (हा ब्रिज हलवून सूर खालीवर करण्याचा) वापरायचाच नाही त्याने मागचे झाकण काढून स्प्रिंग अडकवलेल्या पट्टीचे दोन स्क्रू आवळावेत, म्हणजे ब्रिज बॉडीला घट्ट टेकून बसेल आणि जवळजवळ स्थिर ब्रिजसारखा वागेल. स्प्रिंग वाढवूनही हेच साधते. तीनच्या जागी पाच लावायला जागा असते.

स्थिर ब्रिज, मग तो टेलिकास्टर पद्धतीचा असो किंवा १९५४ साली गिब्सनने आणलेल्या ट्यून-ओ-मॅटिकच्या धर्तीचा, नवशिक्याला कमी त्रास देतो. कोणताही ब्रिज असला तरी त्याच्या प्रत्येक सॅडलचा स्क्रू फिरतो का आणि सॅडल सरकायला पुढेमागे जागा शिल्लक आहे का, एवढे जरूर पाहावे. सॅडल आधीच शेवटपर्यंत सरकलेला असूनही बाराव्या फ्रेटवरचा सूर जुळत नसेल तर ब्रिज चुकीच्या जागी बसवला आहे, आणि तो हलवणे घरचे काम नाही.

पिकअप आणि आतली जोडणी

पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याची तार. वरून पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि कॉइलमध्ये विद्युतप्रवाह निर्माण होतो. एकाच कॉइलचे पिकअप स्वच्छ आणि टोकदार वाजते, पण आसपासच्या वीजजोडणीची भुणभुणही पकडते. दोन कॉइल उलट दिशेने आणि उलट ध्रुवांनी जोडल्या तर भुणभुण परस्परांना छेदते आणि तारेचा आवाज मात्र एकत्र येतो. गिब्सनमध्ये काम करणाऱ्या सेथ लव्हर यांनी १९५५ साली यासाठी पेटंटचा अर्ज केला आणि १९५७ पासून हमबकर गिब्सनच्या गिटारवर दिसू लागले.

दोन सिंगल कॉइल आणि एक हमबकर ही पॅसिफिकाची मांडणी अशा वादकासाठी योग्य आहे ज्याला आपल्याला काय वाजवायचे आहे हे अजून ठाऊक नाही. ब्रिजजवळचा हमबकर जड, फाटलेल्या आवाजाला आधार देतो, नेकजवळचे सिंगल कॉइल स्वच्छ वादनाला गोडवा देते, आणि टोनचा नॉब ओढून हमबकरची एक कॉइल बंद केली की तो पातळ आणि चमकदार होतो. अर्थात त्याबरोबर आवाज थोडा घटतो आणि भुणभुण परत येते. दोनच हमबकर असलेली गिटार जड संगीतासाठी आणि तीन सिंगल कॉइल असलेली गिटार स्वच्छ वादनासाठी घ्यावी.

अल्निको आणि सिरॅमिक या चुंबकांवरून बराच वाद घातला जातो. अल्निको हा ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट लोखंडात मिसळून केलेला मिश्रधातू आहे. सिरॅमिक स्वस्त पडते आणि स्वस्त गिटारवर म्हणूनच असते. ११२व्हीमध्ये अल्निको ५ वापरले आहे, आणि त्या किमतीच्या पट्ट्यात ते जमेच्या बाजूला लिहावे. पण सिरॅमिक म्हणजे वाईट असे नाही, काही महागड्या पिकअपमध्येही ते जाणीवपूर्वक वापरतात. पिकअप बदलणे हे पुढेमागे सहज होणारे काम असल्यामुळे या एका ओळीवरून गिटार निवडू नये.

दुकानात तपासण्यासारख्या गोष्टी वेगळ्या आहेत. ॲम्प्लिफायर लावून स्विचच्या प्रत्येक जागी आवाज येतो का ते ऐकावे. आवाजाचा आणि टोनचा नॉब पूर्ण फिरवावा. खरखर झाली तर पॉटमध्ये धूळ आहे, जी सफाईच्या फवाऱ्याने जाते. सिंगल कॉइलवर स्विच ठेवून, तारांना हात न लावता भुणभुण ऐकावी आणि मग तारांवर हात ठेवावा. भुणभुण कमी झाली तर जमिनीची जोडणी (अर्थिंग) ठीक आहे. काहीच फरक पडला नाही तर ब्रिजपर्यंत येणारी वायर बहुधा सुटलेली आहे. वाढली तर जॅकवरच्या वायरी उलट्या लावल्या असण्याची शक्यता मोठी. त्यानंतर जॅकमध्ये केबल हलकेच हलवावी. स्वस्त गिटारमध्ये सर्वांत आधी सैल होणारा भाग हाच, आणि त्याचा आवळायचा नट (तारांचा नट नव्हे) नुसता बाहेरून आवळला तर आतला जॅक फिरून वायरी तुटतात. म्हणून आतून जॅक धरूनच तो आवळावा.

ज्याच्याकडे मल्टिमीटर आहे त्याला गिटार न उघडताही पिकअप तपासता येते. केबल लावून, आवाज पूर्ण वाढवून, केबलच्या दुसऱ्या टोकाच्या प्लगचे टोक आणि दांडा यांमधील रोध मोजावा. सिंगल कॉइलसाठी ६ किलोओमच्या आसपास आणि जुन्या धाटणीच्या हमबकरसाठी ७ ते ९ किलोओम आकडा दिसतो. जोरकस पिकअपमध्ये तो याहून बराच वाढतो. मीटर थेट २५० किंवा ५०० किलोओमजवळ गेला तर आपण पिकअप नव्हे, आवाजाचा पॉट मोजत आहोत, म्हणजे त्या जागेच्या पिकअपची कॉइल किंवा वायर तुटली आहे.

लाकडाबद्दल थोडक्यात. अल्डर, बासवूड, पॉप्लर, न्यातोह यांपैकी कोणतेही चालते. घरच्या छोट्या ॲम्प्लिफायरवर पिकअप आणि तारा यांच्यापुढे या भेदाला फारसे स्थान उरत नाही. वजन मात्र पाहावे आणि पट्टा लावून उभे राहून नेक आपोआप खाली झुकते का तेही पाहावे. फ्रेटबोर्डवर रोझवुडऐवजी जटोबा, लॉरेल किंवा पाव फेरो दिसले तर ती फसवणूक नव्हे. साइट्स करारात (धोक्यातील प्राणी व वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा करार) २०१७ च्या जानेवारीपासून रोझवुडच्या सर्व जातींच्या व्यापारावर कागदपत्रांचे बंधन आले, तेव्हा अनेक निर्मात्यांनी ही लाकडे स्वीकारली. २०१९ च्या नोव्हेंबरपासून तयार वाद्यांना सूट मिळाली, तरी पर्याय टिकून राहिले, आणि वाजवताना त्यांत दोष काढण्यासारखे काही नाही.

घरी आणल्यावर जुळणी

नवी गिटार खोक्यातून काढल्याबरोबर तिच्याविषयी मत बनवू नये. आधी नव्या तारा लावाव्यात. लांब स्केलवर ९-४२ आणि आखूड स्केलवर १०-४६ हा संच (आकडे म्हणजे सर्वांत पातळ आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) सुरुवातीला योग्य ठरतो. पुढील कामे दिलेल्या क्रमानेच करावीत, कारण प्रत्येक पायरीचा परिणाम पुढच्या पायरीवर होतो आणि क्रम चुकला तर तेच काम पुन्हा करावे लागते.

तारा सुरात लावून आधी वर सांगितलेली नेकची फट मोजावी. ट्रस रॉड घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की घट्ट होतो आणि फट कमी होते. उलट फिरवला की वाढते. एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये, नेमक्या मापाचा पाना वापरावा आणि दर वेळी तारा पुन्हा सुरात लावून मगच मोजावे. त्यानंतर तारांची उंची घ्यावी. बाराव्या फ्रेटचा माथा आणि तारेची खालची बाजू यांत १.६ मिलिमीटर अंतर हा सुरुवातीचा चांगला आकडा आहे. जोरात वाजवणाऱ्याने जाड तारांना २ मिलिमीटरपर्यंत जागा द्यावी. सगळ्या सॅडलची उंची फ्रेटबोर्डच्या गोलाईला अनुसरून असावी, म्हणजे मधल्या तारा किंचित वर. सॅडल पूर्ण खाली नेऊनही तारा उंचच राहत असतील तर नेकच्या खाचेत ब्रिजकडच्या टोकाला पातळ पाचर घालून नेकचा कोन बदलता येतो. स्क्रूने जोडलेल्या नेकचा हा मोठा फायदा आहे.

मग सुराची जुळणी. बाराव्या फ्रेटच्या नेमक्या वर तारेला हलका स्पर्श करून निघणारा सूर आणि त्याच फ्रेटवर तार दाबून निघणारा सूर ट्यूनरवर तुलना करून पाहावा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, उतरता असेल तर पुढे सरकवावा, आणि प्रत्येक वेळी मोकळी तार पुन्हा सुरात लावावी. जुन्या, गंजलेल्या तारांवर ही जुळणी कधीच नीट बसत नाही.

पिकअपची उंची शेवटी. तार शेवटच्या फ्रेटवर दाबून पिकअपच्या माथ्यापर्यंतचे अंतर जाड तारेखाली सुमारे २ मिलिमीटर आणि पातळ तारेखाली १.६ मिलिमीटर ठेवून सुरुवात करावी. पिकअप जवळ आणले की आवाज वाढतो, म्हणून ते शक्य तितके वर करण्याचा मोह होतो. पण सिंगल कॉइलचे चुंबक तारेला ओढू लागले की सहाव्या तारेवर बाराव्या फ्रेटच्या वरचे सूर डळमळतात आणि एकाच वेळी दोन सूर वाजल्यासारखे ऐकू येतात. असे होत असेल तर स्क्रू अर्ध्या अर्ध्या फेऱ्याने सैल करून पिकअप खाली घ्यावे आणि ती डळमळ नाहीशी झाली की थांबावे. मग स्विच एकेका जागी फिरवत सगळ्या पिकअपचा आवाज सारखा येतो का ते ऐकावे. नेकजवळ तारेची थरथर मोठी असल्याने तिथले पिकअप ब्रिजजवळच्या पिकअपपेक्षा थोडे खाली राहते. आठवडाभर वाजवल्यानंतर नेकची फट एकदा पुन्हा मोजावी, आणि हवेतील दमटपणा मोठ्या प्रमाणात बदलला की दर वेळी मोजावी.